धूर दिसू द्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुमच्याशी एका इंजिनाविषयी बोलणार आहे. मी होटगीचा. सोलापूरजवळचं आमचं हे गाव जंक्शन म्हणून सगळ्यांना माहीत. इथून एक रूळ वाडीकडे जातो, दुसरा विजापूरकडे. त्यामुळे होटगीचा माणूस इंजिन म्हणाला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रेल्वेच उभी राहते. माझं आजचं इंजिन मात्र मुठीत मावणारं आहे. त्याच्या सिलिंडरची पोकळी साडेतीन घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या चमच्यात जेवढं पाणी राहतं त्याहूनही कमी. पण हे एवढंसं इंजिन रंगात आलं की मिनिटाला तीस हजारांच्या घरात फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला पाचशे.

हे इंजिन असतं रिमोटच्या गाडीत. बाजारात बॅटरीवर पळणारी खेळणी मिळतात, ती वेगळी. ही गाडी खरं इंधन पिते, खरा धूर सोडते आणि खऱ्या गाडीसारखीच रुसते. पुण्या-मुंबईत हौशी मंडळी तिच्या शर्यती लावतात. तिथली जुनी झालेली एखादी गाडी फिरत फिरत आमच्यासारख्या गावात येते. आली की आठ दिवस कौतुक होतं, मग ती सुरू होत नाही, मग ती माळ्यावर जाते. तिचं दुकान जवळ नाही, तिचा फिटर नाही, पुस्तक असलंच तर इंग्रजी किंवा जपानी. माझ्या पाहण्यातल्या अशा तीन गाड्या माळ्यावर गेल्या. गंमत म्हणजे तिन्हींत मोडलेलं असं काहीच नव्हतं.

कवी माणसाला ही उठाठेव कशाला, असं तुम्ही म्हणाल. बी.ए.ला इंजिन नव्हतं, हे खरं. पण माझ्या पिढीचा सोलापूर जिल्ह्यातला कुठलाही माणूस घ्या, त्याने आयुष्यात एकदा तरी रस्त्याच्या कडेला बसून लूनाचा प्लग काढलेला असतो. माझ्या भाच्याच्या रिमोटच्या गाडीची गोष्ट सांगण्याआधी लूनाची आठवण काढायला हवी, कारण ती गाडी शेवटी सुधारली ती लूनाच्या शहाणपणानेच.

लूना १९७२ साली आली. तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यात ती तयार होई. पन्नास सीसीचं इंजिन आणि सायकलसारखे पेडल. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, विम्याचे एजंट, सगळ्यांना तिने पोसलं. तिचं इंजिन टू-स्ट्रोक. टू-स्ट्रोक म्हणजे काय, तर पिस्टन एकदा वर जाऊन एकदा खाली आला की एक स्फोट. वर जाताना तो वरच्या वायूला दाबतो आणि त्याच वेळी खाली क्रँकच्या पेटीत ताजं मिश्रण ओढून घेतो. खाली येताना जळालेला धूर बाहेर जातो आणि ताजं मिश्रण वर चढतं. झडपा नाहीत, तेलाची वेगळी टाकी नाही. इंजिनाला वंगण मिळायचं ते पेट्रोलमध्येच मिसळलेल्या ऑइलमधून. म्हणून पंपावर आधी मापाने ऑइल आणि मग पेट्रोल.

या साधेपणाची किंमत असे. ऑइल जास्त झालं की प्लग काळा पडायचा. ऑइल कमी पडलं की इंजिन जाम. गाडी बंद पडली की माणूस उतरायचा, प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायचा, परत बसवायचा आणि पेडल मारत सुटायचा. दहातल्या सात वेळा गाडी सुरू व्हायची. उरलेल्या तीन वेळा ती मेस्त्रीकडे ढकलत न्यावी लागायची. चांगला मेस्त्री आणि नुसता पाने फिरवणारा यांतला फरक त्या तीन वेळांत कळायचा.

आता रिमोटच्या गाडीकडे येऊ. तिचं इंजिनही टू-स्ट्रोकच, पण दोन गोष्टी निराळ्या. पहिली तिचं इंधन. पेट्रोल तिला चालत नाही. तिचं मुख्य अन्न मिथेनॉल. त्यात साधारण पंधरा ते तीस टक्के नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी तेल. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. एक किलो नायट्रोमिथेनला पावणेदोन किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं, आणि त्यातून जास्त ताकद निघते. मुलं जिला 'नायट्रो' म्हणतात ती जादू एवढीच.

त्यातलं तेल ऐकून तुम्हाला आपल्या आजीची आठवण होईल. ते बऱ्याचदा एरंडेल असतं, किंवा एरंडेल आणि कृत्रिम तेल यांचं मिश्रण. पोट साफ करायला आजी द्यायची तेच एरंडेल! ते मिथेनॉलमध्ये सहज मिसळतं आणि भयंकर तापलं तरी धातूला धरून राहतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनंसुद्धा एरंडेलावरच चालत होती.

दुसरी निराळी गोष्ट म्हणजे तिचा प्लग. लूनाच्या प्लगमध्ये ठिणगी उडते. या गाडीत ठिणगीच नाही. तिच्या 'ग्लो प्लग'मध्ये प्लॅटिनमची बारीक तार गुंडाळलेली असते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने ती तार लाल करायची. एकदा इंजिन सुरू झालं की सेल काढून घ्यायचा, आणि तरीही तार लालच राहते. का? तर मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की त्याच्या पृष्ठभागावर ज्योतीशिवाय जळते आणि तारेला उष्णता देत राहते. खाणकामगारांचा सुरक्षित दिवा करणाऱ्या हंफ्री डेव्ही यांनी १८१७ साली जगापुढे मांडलेलं हे कौतुक. ज्वलनशील वायू मिसळलेल्या हवेत प्लॅटिनमची गरम तार नुसती धुमसत राहते, हे त्यांनी दाखवलं होतं. पुढे १९४७च्या सुमारास अमेरिकेतल्या रे आर्डेन यांनी लहान इंजिनांसाठी असा प्लग बाजारात आणला आणि छोट्या विमानांवरचं बॅटरी-कॉइलचं ओझं उतरलं.

माझा भाचा आयटीआयला आहे. सुट्टीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने पुण्याहून अशी एक जुनी गाडी आणली. त्याचे वडील पॉवरलूमवर काम करतात. एवढे पैसे खेळण्यात घातले म्हणून घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी गाडी सुरूच होईना, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "भंगारात तरी किती येतील, विचारून ये." पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी तो गाडी घेऊन माझ्याकडे आला. "मामू, पन्नास वेळा दोरी ओढली. आता दोरीपण ओढंना झालीय."

मी त्याला घेऊन स्टेशनजवळच्या एका मेस्त्रीकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे. पूर्वी लूना, राजदूत, चेतक त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आता दुकान मुलाकडे आहे, ते बाहेर खुर्ची टाकून बसतात. असली गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, वास घेतला आणि विचारलं, "टू-स्ट्रोक हाय नव्हं? मग बसा."

मेस्त्रींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे भाच्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. म्हणाले, "बाळा, इंजिनाला चार गोष्टी लागतात. आग, इंधन, हवा आणि दाब. कोणती नाही ते आधी बघू. स्क्रू सगळ्यात शेवटी."

श्रोतेहो, मला वाटतं सगळी दुरुस्ती या दोन वाक्यांत आहे. पुढे जे झालं ते तपशिलाने सांगतो. तुमच्या घरात अशी गाडी माळ्यावर असेल तर ती खाली काढा.

आधी आग. मेस्त्रींनी ग्लो प्लग खोलून बाहेर काढला आणि सेल लावून पाहिला. तार भडक नारिंगी दिसायला हवी. ती शेवटच्या विडीसारखी मंद लाल होती. प्लग नवा होता. सेलच उतरलेला होता. रिचार्ज होणारा सेल नुसता पडून राहिला तरी उतरतो. दुकानातला ताजा सेल लावला तेव्हा तार उजळली. ताज्या सेलनेही ती उजळत नसेल, वाकडी झाली असेल किंवा अर्धीच लाल होत असेल, तर प्लग बदलावा. त्याला पॉलिश पेपर चालत नाही, तार नाजूक असते.

मग दोरी का ओढली जात नव्हती? प्लगमध्ये आग नाही आणि पोरगा दोरी ओढतोय, म्हणजे दर ओढीला इंधन आत जात होतं आणि जळत नव्हतं. पिस्टनच्या वरची जागा इंधनाने भरली. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे पिस्टन वर जाईना. अशा वेळी जोर केला तर दोरी तुटते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून गाडी उलटी धरायची, वर फडकं ठेवायचं आणि दोरी चार-सहा वेळा हलक्या हाताने ओढायची. आतलं इंधन पिचकारीसारखं बाहेर येतं. डोळे जपावेत. दोरी कधीही शेवटपर्यंत ओढू नये. वीतभर-हातभर झटका पुरतो.

नंतर इंधन. बाटली कधी उघडलीस, असं मेस्त्रींनी विचारलं. गाडीबरोबर आलेली अर्धी बाटली होती, किती दिवसांची कोण जाणे. मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. झाकण सैल राहिलेली जुनी बाटली म्हणजे अर्धवट पाणी. तिच्यावर इंजिन सुरू झालं तरी एका लयीत राहत नाही. ते बाजूला ठेवून नवं इंधन वापरायचं ठरलं, त्यासाठी तीन दिवस थांबावं लागलं.

तिसरी हवा. एअर फिल्टरचा स्पंज काढला तर त्यातून आमच्या काळ्या मातीची पूड पडली. या इंजिनात बारीक धूळ गेली तर ती पॉलिश पेपरसारखं काम करते. पिस्टन आणि बोअर एकमेकांना घासून सैल होतात, आणि मग ते बदलण्यावाचून इलाज नसतो. स्पंज धुवून, वाळवून, फिल्टरचं तेल चोळून बसवावा. कोरडा स्पंज धूळ अडवत नाही.

चौथा दाब. या इंजिनाला बहुधा पिस्टनरिंग नसते. बोअर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो. थंड असताना पिस्टन वर जाऊन तिथे चिकटल्यासारखा वाटतो. हा दोष नाही, उलट दाब शाबूत असल्याची खूण आहे. तापल्यावर बोअर फुगतो आणि बसवणूक बरोबर होते. म्हणून थंड इंजिन सुरू करण्याआधी ते गरम करून घ्यावं. हौशी लोक हेअर ड्रायर वापरतात. थंड इंजिनावर पिस्टन जराही अडकत नसेल, सरसर फिरत असेल, तर मात्र इंजिन झिजलं असं समजावं. भाच्याचं चांगलं अडकत होतं. मेस्त्री हसले. "जीव हाय याच्यात."

नवं इंधन आलं. इंजिन सुरू झालं. पोराने उडीच मारली. पण त्याचा आनंद मिनिटभरच टिकला. इंजिनाचा आवाज आपोआप चढत गेला, ब्रेक लावला तरी उतरेना, आणि मग ते फट्‌कन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. टाकी भरलेली असताना बरं चालायचं, अर्धी झाली की बिघडायचं.

इथे भाच्याने पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला. कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात. एक मोठ्या वेगाच्या इंधनाची सुई, दुसरी कमी वेगाची सुई, आणि तिसरा उभ्या गाडीची गती ठरवणारा. सुई घड्याळाच्या दिशेने फिरवली की इंधन कमी, उलट फिरवली की जास्त. गाडी घेतल्यापासून पोराने तिन्ही स्क्रू इतके फिरवले होते की मूळ जागा कुठली होती याचा पत्ता नव्हता. दर वेळी थोडा फरक पडे, म्हणून तो आणखी फिरवी.

मेस्त्री म्हणाले, "पसाऱ्याला हात लावू नको. आधी गळती बघ." त्यांनी इंधनाची टाकी आणि नळ्या काढल्या, एक टोक बोटाने बंद केलं, दुसऱ्या टोकातून फुंकत सगळं घमेल्यातल्या पाण्यात बुडवलं. सायकलचं पंक्चर शोधतात तसंच. टाकीच्या तोंडाशी, जिथे सिलिकॉनची नळी बसते, तिथून बारीक बुडबुडे आले. नळीला सुईच्या टोकाएवढी चीर होती.

या इंजिनाला पंप नसतो. सायलेन्सरमधला धुराचा थोडा दाब एका नळीने टाकीत येतो आणि तोच इंधनाला कार्बोरेटरकडे ढकलतो. चिरेतून तो दाब निसटत होता. टाकी भरलेली असताना इंधनाची पातळी वर, म्हणून भागत होतं. पातळी खाली गेली की इंधन कमी पडायचं, हवा जास्त व्हायची आणि इंजिन विनालगाम पळायचं. पोरगा सुई सैल करून ते भरून काढायचा, तर भरल्या टाकीवर इंधन जास्त होऊन इंजिन गुदमरायचं. एक चूक दुसरीला झाकत होती. आठ आण्यांच्या चिरेपायी हजारोंची गाडी भंगारात निघाली होती. चिरलेलं टोक कापून नळी पुन्हा बसवली, एवढीच दुरुस्ती. आवाज आपोआप चढत असेल तर टाकीचं झाकण, नळ्या, कार्बोरेटरचा बूड आणि इंजिनाची मागची प्लेट इथली गळती आधी शोधावी. गळतीवर ट्यूनिंग होत नाही.

आणि आता ट्यूनिंग. कंपनीच्या पुस्तकात प्रत्येक सुई पूर्ण बंद करून मग किती फेरे उघडायची ते दिलेलं असतं. तिथूनच सुरुवात करावी. बंद करताना हलक्या हाताने. जोर केला तर सुईचं टोक चेपतं. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून गरम होऊ द्यावं, थंड इंजिनावर ट्यूनिंग करणं व्यर्थ. आधी मोठ्या वेगाची सुई, मग कमी वेगाची, शेवटी उभ्या गतीचा स्क्रू. एका वेळी एकच स्क्रू, आणि तोही घड्याळाच्या काट्याने एका तासाला सरकावं एवढाच. फिरवला की दोन चकरा मारून बघायचं, मगच पुढचं.

इंधन जास्त असेल तर धूर भरपूर येतो, आवाज बसलेला असतो, गाडी अडखळत सुटते. इंधन कमी असेल तर धूर दिसत नाही, आवाज कर्कश होतो, इंजिन तापतं आणि थांबवल्यावर बंद पडतं. कमी वेगाची सुई तपासायची एक सोपी युक्ती आहे. गाडी उभी, इंजिन सुरू. इंधनाची नळी बोटांत चिमटायची. आवाज जरासा चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं तर बरोबर. लगेच बंद पडलं तर इंधन कमी, बराच वेळ चालत राहिलं तर जास्त.

तापमानासाठी हौशी लोकांकडे बंदुकीसारखा थर्मामीटर असतो. इंजिनाच्या डोक्यावर साधारण १०० ते १२५ अंश सेल्सिअस असावं. आमच्याकडे तो नव्हता. मेस्त्रींनी बोट पाण्यात बुडवून एक थेंब इंजिनाच्या डोक्यावर सोडला. भाकरी टाकण्याआधी बाई तव्यावर पाणी शिंपडून पाहते ना, तसं. थेंब नुसता बसून राहिला तर इंजिन थंड, म्हणजे इंधन जास्त. तीन-चार सेकंद चुरचुरून उडाला तर ठीक. पडताक्षणीच चर्र झाला तर गाडी तत्काळ बंद करावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंधन थोडं थोडं कमी करत गेलं की इंजिन अधिकाधिक सुरेल होत जातं. गाडी बाणासारखी सुटते. मोह होतो की अजून जरासं आवळावं. पण या इंजिनाचं वंगण इंधनातूनच येतं. इंधन आवळलं म्हणजे तेलही आवळलं. इंजिन ज्या क्षणी सगळ्यात गोड वाजतं, त्याच्या पुढच्याच क्षणी ते जाम होऊ शकतं. म्हणून मेस्त्रींनी सर्वांत छान आवाज जिथे लागला तिथून सुई थोडी मागे घेतली. भाचा म्हणाला, "मेस्त्री, आत्ता मस्त पळत होती की!" ते म्हणाले, "पळंल की. पण मागं धूर दिसू द्या. धूर दिसतोय तोवर पोटात तेल हाय."

मी कविता लिहितो. ओळीतले शब्द कमी करत गेलं की ओळ चमकते, हे मला ठाऊक आहे. एका मर्यादेनंतर तिच्यातला ओलावाही जातो, तेही ठाऊक आहे. पण ती मर्यादा कुठे, हे एवढ्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा लावलेलं ट्यूनिंग कायमचं नसतं. जानेवारीत सकाळी आठला होटगीच्या माळावर हवा थंड आणि दाट असते. तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून इंधनही थोडं जास्त लागतं. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि तीच सुई जास्त इंधन सोडू लागते. समुद्रसपाटीवरच्या मुंबईत लावलेली गाडी पठारावर सोलापूरला आणली तरी फरक पडतो. म्हणून जागा आणि ऋतू बदलला की सुई पुन्हा बघावी. उन्हाळ्यात मात्र इंधन आवळताना हात आखडता ठेवावा. हवा विरळ झाली तरी इंजिन थंड करायचं कामही त्याच तापल्या हवेकडे असतं.

गाडी खेळून झाली की टाकीतलं इंधन संपवून इंजिन बंद करावं. आत राहिलेलं मिथेनॉल पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतात. प्लग काढून आत चार थेंब तेल, दोरीचे दोन झटके, आणि पिस्टन खाली आणून ठेवावा, नाहीतर तो निमुळत्या जागी अडकून बसतो. चालू इंजिन थांबवायला फिरत्या चाकाला हात लावू नये; सायलेन्सरचं तोंड फडक्याने दाबावं किंवा इंधनाची नळी चिमटावी.

शेवटी एक गोष्ट आयाबहिणींसाठी आणि घरातल्या सगळ्यांसाठी. हे इंधन कंपन्या रंगवून विकतात. भाच्याचं गुलाबी होतं. मोठ्या कॅनमधून ओतायला सोपं म्हणून त्याने ते सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून स्वयंपाकघराबाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं होतं. रमजानचा महिना. संध्याकाळी रोजा सोडायची वेळ. शेजारची, पाव्हण्यांची पोरं जमलेली, पाटावर खजूर मांडलेले. माझ्या थोरल्या बहिणीने, आम्ही तिला आपा म्हणतो, सरबत करायला ती बाटली उचलली. झाकण उघडताच वास वेगळा आला म्हणून ती थांबली. वासच आला नसता, किंवा तिला सर्दी झालेली असती, तर त्या संध्याकाळी काय झालं असतं याचा विचार मी अजून पुरा करू शकत नाही.

मिथेनॉल म्हणजे विष. २०१५च्या जून महिन्यात मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. थोड्या प्रमाणातही ते दृष्टी घेऊन जातं. लक्षणं लगेच दिसत नाहीत, कित्येक तासांनी दिसतात. तोवर माणूस बरा वाटतो आणि घरचे थांबतात. थांबू नये. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं, बाटली बरोबर न्यावी, घरी ओकाऱ्या काढण्याच्या भानगडीत पडू नये. इंधन नेहमी त्याच्या मूळ डब्यातच, घट्ट झाकणात, कुलपात. पाण्याच्या, सरबताच्या, तेलाच्या बाटलीत कधीही नाही. ते कातडीतूनही शरीरात जातं, म्हणून हाताळताना हातमोजे आणि मोकळी हवा. आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. सांडलेलं इंधन पेटलंय हे हात भाजल्यावर कळतं. म्हणून गाडी खेळताना पाण्याची भरलेली बादली शेजारी असावी.

त्या रात्री भाच्याच्या वडिलांनी जुनं लोखंडी कपाट रिकामं करून दिलं, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. गाडी विकायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. आता भाचा रविवारी माळावर गाडी नेतो तेव्हा ते किल्ली काढून देतात आणि कधीकधी मागोमाग जाऊन लांब उभे राहतात. मागातला बिघाड आवाजावरून ओळखणारा माणूस तो. परवा म्हणाले, "आज उजवीकडं वळताना आवाज फाटतोय." भाच्याने पाहिलं, तर सायलेन्सरची स्प्रिंग सैल झाली होती.

काळ विजेचा आहे. आपली लूनासुद्धा २०२४ साली बॅटरीवर परत आली. तिला ना प्लग, ना कार्बोरेटर, ना ऑइल. रिमोटच्या गाड्याही बहुतेक बॅटरीच्याच होत चालल्यात, आणि ते सोयीचंही आहे. पण बिघाड बॅटरीच्या गाडीतही होणारच, आणि तेव्हाही काहीजण आधी स्क्रू फिरवतील. त्यांच्यासाठी मेस्त्रींचा क्रम तोच आहे. काय मिळत नाही ते आधी बघा, गळती शोधा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि सगळं जमलं की थोडं मागे या.